गव्हर्नरचं अकरावं प्रकरण

अमेरिकेतल्या एका जुन्या गव्हर्नरचं आयुष्य मला जन्मापासून मरणापर्यंत सांगता येतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मी अमेरिका पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही. हा माणूस माझ्या ओळखीचा झाला तो रामदासपेठेतल्या एका सरांमुळे. त्यांच्याकडे मी स्वयंपाकाला होते.

सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी या गव्हर्नरवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. घरात ते, कागद आणि मी. पुस्तक लिहून झालं आणि काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. उजेड आणि सावली कळायची, अक्षर कळायचं नाही. पुस्तकावर शेवटचा हात फिरवायचा राहून गेला होता.

एक दिवस मी वांग्याची भाजी फोडणीला टाकली होती, तर बाहेरच्या खोलीतून हाक आली, “बाई, तुम्हाला वाचता येतं ना?”

“येते. पण बोट ठेवून वाचा लागते मले.”

“ठेवा बोट. या इकडे.”

भाजी करपली. आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.

त्या दिवसापासून आमची एक रीत पडली. सकाळचा स्वयंपाक आटोपला की मी स्टुलावर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. मी अडखळले की सर म्हणायचे, “पुन्हा.” पुन्हा तिथेच अडखळले तर वाक्य वाईट. मग ते नवं वाक्य सांगायचे, मी ते कागदाच्या पट्टीवर लिहायची आणि जुन्या वाक्यावर चिकटवायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे माझी थट्टा करतात. नंतर पाहिलं तर पानंच्या पानं बदलली होती. यात माझी काही हुशारी नाही. भातात खडा असला की दाताला कळतो, तेवढंच.

गव्हर्नर म्हणजे कोण, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. आपल्याकडे राजभवनात राहतात तसे का?

“नाही,” सर म्हणाले. “आपले नेमलेले असतात. हा लोकांनी निवडलेला. तुम्ही मुख्यमंत्री समजा. आणि निवडणूक दरवर्षी.”

“दरवर्षी? मंग काम कधी करे तो?”

“करत होता ना. शेतीही करत होता.”

तिथून मला त्या माणसात रस आला.

शेतकऱ्याचा मुलगा. शाळा थोडीच, माझ्यापेक्षा फार जास्त नसेल. लग्न लवकर झालं. पोरंबाळं झाली तशी बापाची जमीन पुरेना, म्हणून बायको-मुलांना घेऊन तो उत्तरेकडे निघाला, जिथे नुसतं जंगल आणि बर्फ. लाकडाचे ओंडके एकावर एक रचून घर केलं. झाडं तोडायची, खुंट जाळायचे, मधल्या जागेत मका पेरायचा. माझं माहेर उमरेडकडचं, शेतातलं. जमीन मोकळी करायची म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. उलट एका ठिकाणी मीच सरांना थांबवलं. त्यांनी लिहिलं होतं की एका मोसमात त्याने सगळी जमीन लागवडीखाली आणली.

“खुंट एका सालात निघत नाही सर. मुळं राहतेच. दोन-तीन वर्स त्याच्या आजूबाजूनं पेरा लागते.”

सरांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “पट्टी घ्या.”

पुढे त्या डोंगराळ मुलखावर दोन शेजारची राज्यं हक्क सांगू लागली. एक म्हणे जमीन आमची, दुसरं म्हणे आमची. ज्यांनी झाडं तोडली त्यांना कोणीच विचारेना. तेव्हा त्या लोकांनी एकत्र बसून आपलं वेगळं राज्य केलं आणि या माणसाला पुढे केलं. त्याला भाषण येत नव्हतं. पत्र लिहायचं तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. पण तो ऐकून घ्यायचा, लवकर बोलायचा नाही आणि एकदा बोलला की फिरायचा नाही. इंग्रजांशी लढाई चालू, खजिना रिकामा, दोन्हीकडून दमदाटी. त्यातून त्याने ते राज्य वर्षानुवर्षं सांभाळलं. दरवर्षी लोकांपुढे उभा राहिला आणि दरवर्षी लोकांनी त्यालाच परत निवडून दिलं.

त्याची एक गोष्ट सर हसत हसत सांगत. दूरचा एक मोठा माणूस त्याला भेटायला घोड्यावरून आला. गोठ्यापाशी जाड्याभरड्या कपड्यातला एक गडी दिसला. पाहुण्याने लगाम त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, घोडं बांध आणि मालकाला सांग. गड्याने घोडं बांधलं, पाणी दाखवलं, मग म्हणाला, बोला, मीच तो. सर म्हणाले, अशी गोष्ट त्या काळच्या बऱ्याच गव्हर्नरांबद्दल सांगतात, खरी असेलच असं नाही. मी म्हटलं, मग तसं लिहा. त्यांनी तसं लिहिलं.

त्याच्या घरी एकच मोठं टेबल होतं. गव्हर्नर, बायको, मुलं, शेतावरचे गडी, आलेले पाहुणे, सगळे त्याच टेबलावर जेवायचे. ते वाचलं त्या दिवशी सर मला म्हणाले, “बाई, आजपासून तुम्हीही टेबलावर बसा.” मी तोपर्यंत स्वयंपाकघरात खाली बसून जेवत होते. दोन दिवस टेबलावर बसले. खुर्चीवर पाय लोंबकळतात आणि माझे गुडघे दुखतात. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन पुन्हा खाली. सरांना वाटलं, मला संकोच होतो.

“संकोच नाही सर, गुडघे.”

एका सालात थंडीने पीक मारलं आणि त्या मुलखात खायला राहिलं नाही. गव्हर्नरच्या कोठारात मका होता. व्यापारी चढ्या भावाने मागायला आले, त्यांना त्याने हात हलवत परत पाठवलं. शेजाऱ्यांना सांगितलं, न्या, पुढच्या पिकाला जमेल तसं परत आणा. कोणी किती नेला हे त्याने लिहून ठेवलं नाही. हे वाचताना मी एकदाही अडखळले नाही. मोठ्या लोकांनी गरिबांवर उपकार केल्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यात बहुतेक वेळा फोटो असतो. या माणसाने घरातला मका दिला आणि दुसऱ्या दिवशी नांगराला गेला. मला तो आवडला. मला सहसा कोणी आवडत नाही.

आणि मग अकरावं प्रकरण आलं.

त्या गव्हर्नरने एक चूक केली होती. त्याचा एक मित्र लढाईच्या दिवसांत राज्याच्या फार कामी आला होता. त्याला गव्हर्नरने राज्याच्या मालकीची जमीन सही करून देऊन टाकली. ती सभेला, म्हणजे त्यांच्या विधानसभेला, विचारून द्यायची असते, त्याने विचारलं नाही. गुपचूप दिली. ते बाहेर आलं, बोभाटा झाला आणि त्या साली त्याची गव्हर्नरकी गेली.

हे सरांनी असं लिहिलं होतं की तत्कालीन परिस्थितीच्या रेट्यामुळे सदर निर्णय अपरिहार्य ठरला. मी अडखळले. नवीन पट्टी. त्यात रेटा गेला आणि निकड आली. मी पुन्हा अडखळले. आणखी एक पट्टी. सरांना वाटे, शब्द जड आहेत.

शेवटी मी म्हटलं, “सर, विचारलं नाही म्हणजे विचारलं नाही. त्यात परिस्थिती काहून आणता?”

“बाई, इतिहास इतका सोपा नसतो.”

“गुपचूप देनं सोपं असते का?”

“तुम्हाला कळत नाही. लोक बाकीचं सगळं विसरतील आणि एवढंच लक्षात ठेवतील.”

“मले नाही ना बाकीचं विसरलं.”

सर चिडले. त्या दिवशी वाचन बंद. पुढचे दोन महिने अकराव्या प्रकरणावर पट्ट्यांवर पट्ट्या चढत गेल्या. काही पानं पुठ्ठ्यासारखी जाड झाली.

पट्ट्या चिकटवायला मी मैद्याची खळ करायची. विकतचा गोंद मला पटत नाही, बोटाला चिकटतो, कागदाला नाही. आमच्या माहेरी शेजारी विणकर होते. सूत ताठ व्हावं म्हणून ते सुताला खळ देतात. त्यांच्या बाईकडून मी शिकले होते, मंद विस्तवावर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. माझी खळ अशी व्हायची की पट्टी नखानेही उखडायची नाही. सर बोट फिरवून म्हणायचे, “वा.” मला त्याचा थोडा अभिमानही होता.

पहिली दहा प्रकरणं महाल भागातल्या छापखान्यात गेली. उरलेली तीन मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून लाकडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. पावसाळ्यात सर दवाखान्यात, मग मुलीकडे महिनाभर पुण्याला, असं करत वाचन राहून गेलं. दसऱ्याच्या आधी ते परत आले. मुलगी फोनवर म्हणाली, “मावशी, पंधरा दिवस. मग मी बाबांना कायमचं इकडे आणणार आहे. तुमचं ते पुस्तक तोवर आटपा.” सरांना हे माझ्याही आधी कळलं होतं. पुण्यात त्यांना वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मुलगी-जावई दोघं नोकरीला. छापखान्यातला माणूस पुढच्या सोमवारी उरलेलं न्यायला येणार होता. तेव्हा दिलं तर पुस्तक होणार, नाही तर ते तसंच राहणार. हे आम्ही दोघंही जाणून होतो.

मी गाठोडं सोडलं. वरचं पान उचललं तर त्याचा चुरा हातात आला.

कसर लागली होती. त्या चंदेरी किड्यांनी अकराव्या प्रकरणाची चाळण केली होती. बाराव्या-तेराव्याचे नुसते कोपरे कुरतडले होते, त्यांवर पट्ट्या थोड्या होत्या. जिथे खळ जास्त तिथे भोकं जास्त. मी तिथेच समजले. विणकराचं सूत खळ दिली की मागावर चढतं, कपडा होतो, धुतला जातो. त्याला कपाटात पावसाळा काढावा लागत नाही. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, किड्याला विष म्हणून. हे मला माहीत नव्हतं. मी त्या किड्यांना चार महिने मैदा जेवू घातला होता.

सर खुर्चीत बसून होते. त्यांना दिसत नव्हतं, म्हणजे मी काहीही सांगू शकले असते.

“सर, अकरावं कसरीनं खाल्लं. चूक माह्यी आहे. खळ मी केली होती.”

“किती खाल्लं?”

“सगळंच.”

सरांनी हात पुढे केला. मी चुरा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि म्हणाले, “तुम्ही जा आता.”

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी स्वयंपाक करत होते, ते जेवत होते. रागाने जेवण सोडणाऱ्यातले ते नव्हते, हा त्यांचा चांगला गुण. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती मोठ्याने बोलते, मला आतपर्यंत ऐकू आलं. “जाऊ द्या ना बाबा, एक प्रकरण गेलं तर गेलं. दहावरून बारावर जायचं. कोणाला कळणार आहे?”

सर तिला म्हणाले, “तेच करावं लागेल.”

फोन ठेवल्यावर मी पोळपाट बाजूला सारला आणि बाहेरच्या खोलीत गेले. हाताला पीठ तसंच.

“दहावरून बारावर कसं जाल? बाराव्यात तो परत निवडून येऊन राहिला. गेलाच नाही तर परत कुठून येते?”

“बाई, माझ्याजवळ आता डोळे नाहीत. टिपणं इंग्रजीत आहेत. ती मला दिसत नाहीत आणि तुम्हाला येत नाहीत. आणि ते प्रकरण मला कधी जमलंच नव्हतं.”

“मले पाठ आहे ना ते. मी सांगतो. तुम्ही नुसते ऐका.”

मी सांगितलं. जमीन दिली, विचारलं नाही, बोभाटा झाला, निवडणूक आली, लोकांनी त्याला पाडलं, दुसऱ्याला भरभरून मतं दिली.

“काय बोलताय!” सर खुर्चीत सरळ झाले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “लोकांनी नाही पाडलं त्याला! मतं सगळ्यात जास्त त्यालाच होती.”

“मंग पडला कसा?”

“निम्म्याहून जास्त नव्हती. तीन-चार जण उभे होते, मतं फुटली. अर्ध्यापेक्षा जास्त कोणालाच नसली तर सभेने ठरवायचं असा नियम होता. सभेने दुसऱ्याला निवडलं.”

“म्हनजे सभेले राग होता.”

“असणारच. सभेला न विचारता जमीन दिली होती ना त्याने!”

बोलून सर थांबले. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं असं कोणाला वाटेल. तसं नाही. माझ्या डोक्यात खरंच तसं बसलं होतं.

“कागद घ्या,” सर म्हणाले. “पट्टी नको. पूर्ण कागद घ्या.”

मी आयुष्यात सामानाची यादी आणि त्या पट्ट्या यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. उरलेल्या दिवसांत मी अख्खं प्रकरण लिहिलं. सर सांगत, मी लिही. त्यांना विसर पडला की मी आठवण देई, माझं चुकलं की ते ओरडत. मी सकाळी लवकर यायला लागले. माझ्या घरून, हुडकेश्वरहून, पहिल्या बसने निघायची, शेजारीण विचारायची, “काहून वं, इतक्या लवकर कोणाचं लगन आहे?” मी म्हणायची, “गव्हर्नरचं काम आहे.” ती समजली मला राजभवनात काम लागलं. मी तिला समजावत बसले नाही.

जमिनीच्या जागेवर आम्ही पुन्हा अडलो. सर म्हणाले, “लिहा, हा निर्णय त्याने...” आणि वाक्य तिथेच सोडलं. मी पेन धरून बसले.

“बाई, तुम्ही मला खळीचं लगेच का सांगितलं? मला दिसत नव्हतं.”

“तुम्हाले दिसत नसनं आणि मी केलं नसनं, हे दोन वेगळे झाले ना सर.”

त्यांनी चष्मा काढला. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी ते घालत. “लिहा,” ते म्हणाले. “सभेला विचारणं त्याचं कर्तव्य होतं. त्याने विचारलं नाही. हे चूक होतं. पूर्णविराम.”

मी लिहिलं. पुढे काही परिस्थिती-बिरिस्थिती येते का म्हणून थांबले. नाही आली. त्यानंतरचं त्यांनी न थांबता सांगितलं. गव्हर्नरकी गेल्यावर तो माणूस रुसून बसला नाही, नव्या गव्हर्नरच्या वाटेत काटे घातले नाहीत. घरी गेला, बैल जुंपले, कुंपण दुरुस्त केलं. लोक आधीसारखेच त्याच्या दारी येत राहिले, आता सहीसाठी नाही, सल्ल्यासाठी. वर्षभर त्याने तेच केलं. पुढच्या निवडणुकीत मतं अशी पडली की सभेला विचारायची वेळच आली नाही. मग शेवटपर्यंत तोच. थकल्यावर त्याने स्वतः कळवलं की आता दुसरा पाहा.

मी बरीच माणसं पाहिली आहेत. पद गेल्यावर सरपंचाची तब्येत बिघडते, सोसायटीच्या अध्यक्षाची बोलण्याची तऱ्हा बदलते. पद गेलं आणि माणूस तेवढाच राहिला, असं मी एकाच ठिकाणी वाचलं, तेही माझ्या हातचं. सरांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही पुस्तकात घातलं असतं.

रविवारी मी ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं. बोट ठेवून. माझंच अक्षर, तरी दोन ठिकाणी लागलं नाही, तिथे सर म्हणाले, “पुन्हा,” आणि दुसऱ्यांदा लागलं. ‘हे चूक होतं’ या वाक्याशी आले तेव्हा मला वाटलं, आता हे हात वर करतील, म्हणतील पट्टी घ्या. मी वाचलं. ते म्हणाले, “पुढे.”

सोमवारी छापखान्यातला माणूस स्कूटरवर आला. मी तिन्ही प्रकरणं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून कापड बांधून दिली. सर दारापर्यंत आले, एक हात चौकटीला धरून.

स्कूटर चालू झाल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, “कुठे ठेवलं त्याने?”

“डिक्कीत नाही मावलं. पायाशी ठेवलं.”

“पायाशी?”

“गव्हर्नर आहे तो सर. कोणाच्या पायाशी बसाले त्याले लाज नाही.”

सर हसले. मग म्हणाले, तरी ओरडून सांगा त्याला, हळू जा म्हणावं. मी ओरडले. तो केव्हाच वळणावरून गेला होता. सरांना मी म्हटलं, “ऐकलं त्यानं,” आणि आत जाऊन कुकर लावला.